ट्रेलर टेंट आणि वारा: ऑनिंग अंधार पडायच्या आत उतरवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही चौघं, दोन लहान मुलं धरून, अप्पर वैतरणा धरणाच्या काठाला ट्रेलर टेंट (गाडीमागे ओढायच्या ट्रेलरवर उघडणारा तंबू) लावून राहिलात, संध्याकाळी मस्त झुळूक होती, जेवणं झाली, आणि रात्री अकराच्या सुमारास असा वारा सुटला की पुढच्या ऑनिंगच्या, म्हणजे कापडी पडवीच्या, खुंट्या एकेक करत उपटल्या, एक पाइप वाकला, कोपऱ्याची शिवण उसवली आणि बाकीची रात्र गाडीत बसून काढली. आता विचारताय की लांब खुंट्या घ्यायच्या का, ट्रेलरमध्ये वजन वाढवायचं का, की टेंटच विकून टाकायचा.

विकू नका. वजनही वाढवायची गरज नाही. खुंट्या बदलाव्या लागतील पण तो मुद्दा नंतरचा. तुमचा ट्रेलर जागचा हलला नाही, वरचा मुख्य तंबू शाबूत राहिला, गेलं ते फक्त ऑनिंग, आणि दर वेळी हेच होतं. ट्रेलर टेंटमध्ये झोपायचा भाग लोखंडी चासीला बांधलेला असतो, खाली चाकं, चार कोपऱ्यांना जॅक, त्यामुळे तो भाग साध्या डोम टेंटपेक्षा कितीतरी घट्ट बसतो. पण पुढे जी पडवी काढतो ती नुसती कापड आणि पाइप, जमिनीला धरलेली, वारा पकडायला मोकळी. म्हणजे रात्री वाऱ्याचा काही भरवसा नसेल तर ती पडवी दिवसाउजेडी खाली घ्यायची, एवढा एकच निर्णय तुमच्या हातात असतो आणि तो घ्यायची वेळ संध्याकाळी सहा-साडेसहाची, रात्री अकराची नाही.

मी नाशिकचाच, घरचा धंदा मंडपाचा. बल्ल्या, कनाती, ताडपत्र्या यांच्यात वाढलो, २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात ऐन पावसाळ्यात मंडप उभे ठेवायचं काम केलंय, आणि गेली काही वर्षं स्वतःचा ट्रेलर टेंट घेऊन इगतपुरी, त्र्यंबक, भंडारदरा, सापुतारा या पट्ट्यात फिरतोय. ट्रेलर अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला, वरचा कॅनव्हास ओळखीच्या ताडपत्रीवाल्याकडे शिवला. तेव्हा खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं मंडपाच्या कामातून आलंय, निम्मं कॅम्पिंगमधून.

आधी वारा किती जोर लावतो ते आकड्यात बघा, म्हणजे बाकीचं आपोआप पटेल. ऑनिंगची पुढची भिंत साधारण १२ फूट बाय ७ फूट धरा, म्हणजे जवळपास ८ चौरस मीटर. ताशी २० किलोमीटरचा वारा त्यावर समोरून लागला तर १५ किलोच्या आसपास दाब येतो, एका हाताने धरून ठेवता येईल असा. ४० किलोमीटरला तोच दाब ६० किलो होतो. ६० किलोमीटरला १३५ किलो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, तिप्पट झाला की नऊपट, असं ते गणित आहे. म्हणून लोक म्हणतात ना की वारा थोडासाच वाढला आणि एकदम सगळं उडालं, ते खरंच असतं, वेग थोडा वाढतो पण जोर थोडा वाढत नाही. आणि हा जोर एकसारखा येत नाही, झटक्याने येतो, सैल होतो, परत येतो, खुंटी प्रत्येक झटक्याला केसभर हलते आणि भोक मोठं होत जातं.

आता हे फक्त समोरच्या भिंतीचं झालं. छताचं वेगळं असतं. वारा छतावरून घसरत जातो तेव्हा वाऱ्याच्या पाठीकडच्या उतारावर वर ओढ लागते, पत्रे उडतात ते याच कारणाने. त्यात जर वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं किंवा खालची झालर नीट दाबलेली नसली तर आतून हवा भरते, म्हणजे आतून वर ढकलणं आणि बाहेरून वर ओढणं दोन्ही एकदम. मंडपात आम्ही याला वारा भरला म्हणतो, आणि वारा भरलेला मंडप धरायला दहा माणसं लटकली तरी तो धरला जात नाही. तुम्ही लिहिलंय की गरम होत होतं म्हणून पाण्याच्या बाजूचं जाळीचं दार उघडं ठेवलं होतं. पाण्याची बाजू म्हणजे तुमच्या जागेवर पश्चिम, आणि वारा पश्चिमेचाच होता. माझ्या मते खुंट्या उपटायची सुरुवात तिथून झाली.

पश्चिम का, तर आपल्या भागाची घडणच तशी आहे. मार्च ते मे या महिन्यांत दिवसभर घाटमाथा आणि त्याच्या पुढचं पठार तापतं, समुद्राकडची हवा दुपारनंतर सह्याद्री चढून वर येते, नाशिक शहरातसुद्धा संध्याकाळी पश्चिमेची झुळूक लागते ती हीच. इगतपुरी, वैतरणा, भावली, पहिने हा पट्टा तर घाटाच्या कडेलाच, तिथे ती झुळूक नसते, चांगला वारा असतो. बहुतेक दिवस तो रात्री कमी होतो. पण मेमध्ये त्यात वळवाचे ढग मिसळले की खेळ बदलतो. ढग दुपारनंतर उभे राहतात, कधी सटाणा-कळवणकडे, कधी सिन्नरकडे, आणि त्यांतून पाऊस कोसळायला लागला की थंड हवा खाली आदळून चारी बाजूंना पळते. ढग तुमच्यापासून बरेच किलोमीटर लांब असेल, तुमच्या डोक्यावर चांदण्या असतील, आणि तरी ती हवा येऊन धडकते. उकाडा अचानक जातो, गार झोत लागतो, मातीचा वास येतो, पहिली झुळूक उलट दिशेने येते. हे जाणवलं की तुमच्याकडे काही मिनिटं आहेत असं समजायचं. त्या मिनिटांत मुलांना उठवून ऑनिंग उतरवणं होत नाही, म्हणून ते आधीच उतरलेलं असायला पाहिजे.

जूननंतरचा वारा वेगळा, तो नैऋत्य मोसमी, दिवसरात्र एका दिशेने, घाटमाथ्यावर सतत जोर असलेला. सिन्नर आणि अकोले यांच्या मधल्या पट्टा-औंढा डोंगररांगेवर पवनचक्क्या दिसतात ना, त्या उगाच नाही लावलेल्या. त्या वाऱ्यात ट्रेलर टेंट लावता येतो पण मजा येत नाही, सगळं ओलं, कापड रात्रभर फडफडतं, मी स्वतः जून ते सप्टेंबर टेंट झाकून ठेवतो. सगळ्यात चांगले दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रात्री वारा जवळपास पडलेला असतो. थंडी मात्र सांभाळा, निफाडकडे सखल जागी गारठा साचतो, तिथे वाऱ्याची नाही तर रजईची तयारी लागते.

हवामान बघताना लोक चूक कुठे करतात तर ॲपमध्ये नुसता वेग बघतात. विंडीसारख्या ॲपमध्ये वेग वेगळा आणि झोताचा, म्हणजे मधेच येणाऱ्या जोरदार झटक्याचा, आकडा वेगळा दिलेला असतो, आपल्याला झोताचा बघायचा, टेंट तोच फाडतो. हवामान खात्याच्या मुंबई केंद्राकडून पुढच्या तीन तासांसाठी जिल्हावार इशारे येतात, मेघगर्जनेसह ताशी ३० ते ४० किंवा ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा अशा भाषेत, ते संध्याकाळी पाच आणि आठला एकदा बघून घ्यायचे. विजांसाठी दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, जवळपास वीज पडत असेल तर ते दाखवतं. आणि वैतरणाच्या काही कोपऱ्यांत रेंज मिळत नाही, म्हणून निघतानाच घोटीला थांबून बघून ठेवा. वळवाचा ढग कुठल्याही ॲपला दोन दिवस आधी गावासकट सांगता येत नाही, तेव्हा मे महिन्यात ॲप हिरवं दाखवतंय म्हणून निवांत राहायचं नाही.

माझं स्वतःचं मोजमाप असं आहे. झोत ताशी ३० किलोमीटरपर्यंत असतील तर सगळं उघडं ठेवून बसतो. ३० ते ४० मध्ये ऑनिंग राहतं पण सगळे दोर लावून, वाऱ्याची बाजू बंद करून, आणि अंधार पडायच्या आत खाली. ४० च्या वर ऑनिंग लावतच नाही, फक्त मुख्य तंबू. ६० च्या वरचा अंदाज असेल तर टेंट उघडतच नाही, गावात खोली बघतो नाहीतर घरी राहतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणात श्रीवर्धनजवळ धडकून पुढे नाशिककडेच सरकलं होतं, अशा आठवड्यात कोणी कितीही चांगली जागा सुचवली तरी ऐकू नका. ॲप नसेल तर डोळ्यांनी अंदाज घ्या. झाडाच्या मोठ्या फांद्या हलायला लागल्या, विजेच्या तारा शिट्टी वाजवायला लागल्या, छत्री धरणं अवघड झालं की ४० च्या आसपास वारा आहे समजायचं.

आता जागा. लोकांना धरणाच्या अगदी काठावर लावायचं असतं, फोटो चांगले येतात हे मान्य, पण काठावर दोन भानगडी. एक म्हणजे पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत काही अडवत नाही, पूर्ण वेगाने तो तुमच्या कापडावर येतो. दुसरी म्हणजे मेमध्ये पाणी खाली गेलेलं असतं आणि आपण ज्यावर टेंट लावतो ते उघडं पडलेलं गाळाचं पात्र असतं, वरून सुकून कडक दिसतं, खाली मऊ. खुंटी हाताने जाते तेव्हा फार छान वाटतं. जी हाताने जाते ती हातानेच येते बाहेर. काठापासून शे-दोनशे मीटर मागे, थोडा उंच मुरमाड माळ शोधा. खिंडीत किंवा दोन टेकड्यांच्या मधल्या घळीच्या तोंडाशी अजिबात लावू नका, तिथे वारा दाबला जाऊन वेग वाढतो. कड्याच्या टोकावर तर नाहीच. अंजनेरीच्या पठारासारख्या ठिकाणी गाडी जात नाही ते एका अर्थी बरंच आहे. आणि उंच कड्याच्या अगदी पायथ्याशी पाठीमागे लपलो तर वारा लागणार नाही असं वाटतं, तेही फसवं, कड्यावरून आलेला वारा मागे गिरकी घेतो आणि कधी वरून कधी उलटा असा येतो, त्यात कुठल्या बाजूला दोर लावावा तेच कळत नाही.

झाडांचा आडोसा चांगला, पण झाडाखाली नाही. ओळीने दाट झाडं असतील तर त्यांच्या उंचीच्या पाच-सात पट अंतरावर मागे लावलं तरी वारा बऱ्यापैकी मऊ होऊन येतो, आणि फांदी अंगावर पडायची भीती नाही. निलगिरी आणि गुलमोहर यांच्या जवळपाससुद्धा नको, या दोघांच्या फांद्या वाऱ्यात फार सहज मोडतात.

इथे एक द्राक्षबागेतली गोष्ट सांगतो जी कॅम्पिंगवाल्यांनी उचलण्यासारखी आहे. बागायतदार बांधावर वाऱ्यासाठी शेवरी, सुबाभूळ लावतात किंवा हिरवी शेडनेट उभी करतात. पत्र्याची भिंत का नाही उभी करत? कारण गच्च भिंतीवरून वारा उडी मारतो आणि मागे भोवरा होऊन पडतो, जाळीतून मात्र तो गाळून, हळू होऊन पुढे जातो. आपण कॅम्पला काय करतो, तर ताडपत्री बांधतो वाऱ्याच्या बाजूला. ती ताडपत्री स्वतःच शीड होते, तिला धरायला वेगळ्या खुंट्या लागतात आणि मागे टेंटवर भोवरे बसतात ते वेगळंच. त्याऐवजी ५० टक्क्यांची शेडनेट घ्या, पिंपळगावला, ओझरला, नाशिकच्या कुठल्याही कृषी दुकानात मीटरवर मिळते, चार-पाच फूट उंच, दोन बांबू आणि चार दोर, टेंटच्या वाऱ्याच्या बाजूला दहा-पंधरा फुटांवर. बसायला, स्वयंपाकाला याने जो फरक पडतो तो ऑनिंगनेही पडत नाही.

ट्रेलर कुठल्या तोंडाने उभा करायचा याबद्दल मतं बरीच आहेत. माझं म्हणणं सरळ आहे, ज्या बाजूला ट्रेलरचं लोखंडी अंग आणि गादीचा भाग आहे ती बाजू वाऱ्याकडे, दार आणि ऑनिंग वाऱ्याच्या पाठीला. म्हणजे आपल्याकडे मेमध्ये गादी पश्चिमेला, दार पूर्वेला, सूर्यास्ताचा देखावा खिडकीतून बघायचा. सकाळचं ऊन लवकर आत येतं ही तक्रार घरून होईल, होऊ द्या. जागा सपाट बघून आधी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक असेल तर ओढून, मग चारही कोपऱ्यांचे जॅक, जॅकखाली फळीचा तुकडा म्हणजे ते मातीत रुतत नाहीत. जॅक नुसते टेकवायचे, त्यांच्यावर गाडा उचलायचा नाही, पण एकही हवेत नको, नाहीतर रात्रभर ट्रेलर डुलतो आणि आतल्यांना वारा आहे त्याच्या दुप्पट वाटतो. वाऱ्याचा अंदाज असेल तर मी गाडी हूकमधून सोडतच नाही, दांडी गाडीलाच जोडलेली ठेवतो, वजनही मिळतं आणि सकाळी लवकर निघायचं झालं तर काम कमी. सोडलीच तर गाडी वाऱ्याच्या बाजूला, आडवी, आठ-दहा फुटांवर लावा, खालच्या भागाचा वारा तेवढा तुटतो.

खुंट्यांचं आता सांगतो. टेंटबरोबर ज्या बारीक तारेच्या खुंट्या येतात त्या लॉनवर चालतात, आपल्या मातीत नाही. फॅब्रिकेटरकडे जाऊन १२ एमएमच्या सळईचे दीड-दीड फुटाचे तुकडे करून घ्या, एका टोकाला धार, दुसऱ्या टोकाला नट किंवा कडी वेल्ड करून. डोक्यांवर लाल किंवा पिवळा रंग मारा, रात्री ठेच लागत नाही. एक तीन-चार किलोचा घण आणि एक लहान पहार गाडीत पाहिजेच. खुंटी ठोकताना तिचं डोकं टेंटपासून लांब झुकलेलं, दोर आणि खुंटी यांच्यात साधारण काटकोन होईल अशी, आणि दोर खुंटीच्या तळाशी, जमिनीला टेकून. डोक्याला दोर बांधला की तो पहारीसारखा खुंटीला उपटायचं काम करतो. दोर जितका लांब आणि जमिनीकडे जितका आडवा तितकं चांगलं. फार उभा दोर खुंटीला सरळ वर ओढतो.

मुरमात ही सळई फार छान धरते, प्रत्येक ठोक्याला खर्र आवाज येतो आणि शेवटच्या चार इंचांना घाम निघतो, तशी बसली तर समजा काम झालं. काळ्या मातीत भरवसा नाही, उन्हाळ्यात ती दगड होते आणि भेगा पडतात, भेगेत ठोकलेली खुंटी दिसायला घट्ट असते, आणि पाऊस पडला की तीच माती लोणी. काळ्या मातीत एकाऐवजी दोन खुंट्या, एकामागे एक, फूट-दीड फुटावर, पुढचीचं डोकं मागचीच्या पायाला बांधायचं. आणि घाटाकडे बऱ्याच ठिकाणी चार बोटं माती झाली की खाली काळा कातळ लागतो, टण् आवाज येतो आणि सळई पुढे जात नाही. तिथे ठोकत बसू नका, सळई वाकते फक्त. द्राक्षबागेच्या कडेच्या अँगलला ताण देताना तारेला दगड बांधून तो जमिनीत पुरतात, तेच करायचं. पुरायला माती नसेल तर सिमेंटची रिकामी पोती घेऊन जायची, तिथेच दगड-मुरूम भरायचा, चाळीस-पन्नास किलो होईल इतकं, तोंड बांधून त्याला दोर. पोतं घसरायला लागलं तर त्याच्यापुढे मोठा धोंडा. पाण्याने भरलेले वीस लिटरचे कॅन लोक लटकवतात, पण वीस किलोने वर दिलेल्या आकड्यांपुढे काही होत नाही, आणि ते वाऱ्यात झुलायला लागले की पाइपच वाकवतात.

दोर नायलॉनचा असेल तर तो ताणला जातो, ओला झाला की अजून सैल, संध्याकाळी घट्ट केलेला दोर रात्री लोंबतो. सुती दोराचं उलटं, भिजला की आखडतो आणि कडी तोडतो. पॉलिएस्टरचा दोर सगळ्यात बरा. प्रत्येक दोराला टेंटच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचं एक कडं कापून अडकवा, झटका ते रबर खातं, शिवणीपर्यंत पोचत नाही. फुकटात होतं, पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूब पडलेल्याच असतात. कापड ताणलेलं हवं, फडफडणारं कापड फाटतं आणि झोपूही देत नाही, पण झिपच्या जागी इतकं ताणू नका की झिप लावताना दोन्ही हातांनी ओढावं लागेल. झिप लावताना किंवा उघडताना शेजारचा दोर आधी सैल करायचा, मग झिप, मग परत ताण. एक झिप गेली की त्या दारातून पुढे सगळं आत येतं.

आणि ऑनिंग वाऱ्यातच उतरवायची वेळ आली तर. दोन मोठी माणसं लागतात, मुलं आधी गाडीत. सगळी दारं-खिडक्या बंद. मग वाऱ्याच्या पाठीच्या बाजूचे पाइप आधी खाली, वाऱ्याच्या बाजूचे दोर सगळ्यात शेवटी सोडायचे. छत जमिनीवर आलं की एकाने सरळ त्यावर आडवं पडायचं, खरंच, अंगाने दाबून ठेवायचं, दुसऱ्याने बाकीचे दोर सोडून कडेकडेने गुंडाळत यायचं. वाऱ्याच्या बाजूचा दोर आधी सोडला तर कापड डोक्यावरून पलीकडे जातं आणि पाइप हवेत फिरतात, माणसाला लागतं ते त्यानेच. लावतानाही हाच हिशोब उलटा, वाऱ्याची बाजू आधी जमिनीला धरायची.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून वेगळ्या सांगतो. वारा बाहेर असतो म्हणून लोक गॅस आत आणतात, छोटू सिलिंडर, त्यावर चहा, आणि वारा येऊ नये म्हणून टेंट गच्च बंद. असं करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखतंय म्हणून माणूस झोपतो आणि उठत नाही. शेगडी, कोळशाची सिगडी, काहीही पेटतं आत नको, वाऱ्यात चहा नाही मिळाला तर नाही मिळाला. दुसरं, विजा असतील तर लोखंडी पाइपांच्या टेंटमध्ये थांबायचं नाही, सगळ्यांनी गाडीत, काचा वर, दारं-पत्रा यांना हात न लावता. तुम्ही त्या रात्री गाडीत गेलात ते अगदी योग्य केलंत, त्यात घाबरट वगैरे काही नाही.

रस्त्यावरच्या वाऱ्याचं तुम्ही विचारलं नाहीत पण घोटी-वैतरणा रस्ता आणि कसारा घाट दोन्ही तुमच्या वाटेवर म्हणून सांगून ठेवतो. जड सामान चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, ट्रेलरच्या शेपटाला अजिबात नाही. आडव्या वाऱ्यात किंवा कंटेनर शेजारून गेला की ट्रेलर शेपूट हलवायला लागला तर ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगशी भांडू नका, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, सरळ धरा, तो आपोआप शांत होतो.

उसवलेल्या शिवणीबद्दल, घरच्या मशीनवर शिवू नका, सुया तुटतील आणि टाका धरणार नाही. ताडपत्री शिवणाऱ्याकडे द्या, त्याला पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याने दुहेरी टाका घालायला सांगा आणि कोपऱ्यावर आतून कॅनव्हासचा त्रिकोणी तुकडा लावून मगच कडी बसवायला सांगा, नुसती कडी परत तिथेच फाटेल. शिवून आलं की आधी कापड अंगणात उभं करून पाइपने भिजवा आणि तसंच पूर्ण वाळू द्या, सुती मिश्रणाच्या कॅनव्हासचे धागे भिजून फुगतात आणि सुईची भोकं बुजतात, मग त्या शिवणीवर मेण घासा. वाकलेला पाइप ठोकून सरळ केला तर तो पुढच्या झोताला तिथेच वाकेल, त्याच मापाचा नवीन जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप कापून घ्या.